कृपया हात लावू नये

टॅटू ही दाखवायची वस्तू आहे. पैसे मोजून आणि वर दुखवून घेऊन मिळवलेली, म्हणजे दुप्पट दाखवायची. पण नेमके पहिले चार-पाच दिवस ती दाखवण्याजोगी नसते. त्या दिवसांत हातावर एक पारदर्शक पट्टी असते आणि पट्टीखाली काळपट काहीतरी इकडून तिकडे हलत असतं. समोरचा माणूस आधी पट्टीकडे बघतो, मग आपल्या तोंडाकडे, आणि सहानुभूतीनं विचारतो, "भाजलं का हो?"

पन्नाशी उलटलेल्या बाईला तर दुसरं काही विचारतच नाहीत. कुकर, तवा आणि फोडणी यांच्यापलीकडे तिच्या हाताला काही होऊ शकतं यावर कुणाचा विश्वास नसतो. प्राजक्ताची फांदी काढून घेतली आहे असं सांगितल्यावर सोसायटीतल्या एका वहिनींनी "अय्या!" म्हटलं, कौतुकानं मान डोलावली आणि जिना उतरता उतरता वळून विचारलं, "पण भाजलं कशानं?"

तर ही पट्टी. स्टुडिओतली मुलं तिला 'सेकंड स्किन' म्हणतात. पॉलियुरेथेनचा अगदी पातळ पापुद्रा, एका बाजूनं चिकट. हवा आणि पाण्याची वाफ त्यातून ये-जा करतात. पाणी आणि जंतू यांना मात्र मज्जाव. म्हणजे आतली कातडी घुसमटत नाही आणि बाहेरची घाण आत शिरत नाही. ती काही टॅटूसाठी जन्माला आलेली नाही. दवाखान्यात सलाईनची सुई जागची हलू नये म्हणून वरून जो पारदर्शक चौकोन चिकटवतात, तो याच घराण्यातला. सासूबाईंनी तो बघताक्षणी ओळखला. मागे एकदा दवाखान्यात राहावं लागलं तेव्हा त्यांच्या हातावर तो होता. "हे तर सलाईनवालं!" त्या म्हणाल्या आणि टॅटूबद्दल बोलायचं म्हणून जे काही साठवून ठेवलं होतं त्यातलं निम्मं तिथंच विरघळलं. सलाईनला वापरतात ती वस्तू आणि ती वापरणारी सून, दोन्ही अगदीच वाया गेलेल्या नसाव्यात, असा काहीसा विचार त्यांनी केला असणार.

काम संपल्यावर टॅटू काढणाऱ्या मुलानं हात साबणाच्या पाण्यानं पुसला, कागदी रुमालानं टिपून कोरडा केला आणि रोलमधून पट्टी कापली. कापताना चारही कोपरे गोल केले. टोकदार कोपरा बाहीला अडकतो आणि तिथून पट्टी सुटायला लागते, हे त्यानं न विचारता सांगितलं. मग पाठीमागचा कागद काढून, फांदीच्या सगळ्या बाजूंनी बोटभर मोकळी कातडी सुटेल अशी ती पट्टी ठेवली. ओढून ताणून नाही. नुसती ठेवली आणि मधून कडेकडे अंगठा फिरवत गेला. ताणून लावली तर ती परत आक्रसते आणि कडेची कातडी ओढून लाल करते. वर एक जादा तुकडा कापून पाकिटात घालून दिला, ही निघाली तर असू दे म्हणून.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही, काकू."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. हात लावायचा नाही, आत काही घालायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही. अंघोळ करा, भांडी घासा, फक्त भिजवत ठेवू नका. स्विमिंग नको, ऊन नको. विसरून जा चार-पाच दिवस."

बावीस-तेवीस वर्षांच्या त्या पोराला कल्पना नव्हती की तो कुणाला काय सांगतो आहे. आमच्या घराण्यात आजवर एकही जखम विसरली गेलेली नाही. ढोपर फुटलं की एकजण हळद आणायला पळतो, एकजण खोबरेल तेलाची बाटली शोधतो, एकजण "आधी धुवा तरी" म्हणतो आणि चौथा, जो काहीच आणत नाही, तो फुंकर घालतो. प्रत्येकाला काहीतरी केल्याचं समाधान मिळाल्याखेरीज जखमेला बरं होण्याची परवानगी नसते. पुढं ती बरी झाली की श्रेयावरून वेगळी चर्चा. माझ्या काकांच्या पायाला लागलेला खिळा एरंडाच्या पानानं बरा केला की धनुर्वाताच्या इंजेक्शननं, हा वाद दोन्ही पक्षांचे मुख्य वक्ते वारल्यावरच मिटला. अशा घरात 'काहीच करू नका' हा सल्ला म्हणजे सगळ्यांना एकदम निवृत्त करणं आहे.

त्यात हळदीचा प्रश्न नाजूक. हळद हा आपल्याकडे औषधापेक्षा अभिमानाचा विषय आहे आणि तो अगदीच हवेतला नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. म्हणजे सासूबाईंनी अमेरिकेत जाऊन नातवाच्या ढोपरावर हळद दाबली असती, तर कागदोपत्री ते तिकडच्या हक्कावर अतिक्रमण ठरलं असतं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, त्याला आव्हान दिलं. तिचे महासंचालक तेव्हा रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. जुने ग्रंथ, जुने लेख असे पुरावे पुढं मांडले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. एवढी लढाई जिंकल्यावर एक पोरगा कानात डूल घालून सांगतो की काकू, हळद अजिबात नको. सासूबाईंना हे पचेना. त्यांची बाजू मला कळते. पण मुलाचंही खरं आहे: पेटंट हळदीच्या गुणाबद्दल होतं, आमच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाटीबद्दल नव्हतं. त्या वाटीत मोहरी पडलेली असते, हिंगाचा चमचा बुडालेला असतो आणि कणकेचा हातही अधूनमधून जाऊन आलेला असतो. सुयांनी हजारो भोकं पाडलेल्या कातडीवर हे सगळं एकत्र भुरभुरायचं म्हणजे फोडणीच.

"मग निदान वारा तरी लागू दे," ही पुढची माघार. जखमेला वारा लागला की ती सुकते, सुकली की खपली धरते, खपली पडली की बरी होते, हे आपल्याला बाराखडीबरोबर शिकवलेलं असतं. त्याला धक्का देणारा माणूस लंडनचा, नाव जॉर्ज विंटर. १९६२ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत त्याचा एक लहानसा लेख आला. त्यानं डुकरांच्या पाठीवर वरवरच्या जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनचा पापुद्रा लावला. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं आली. कारण तसं सोपं आहे. जखम सुकली की नव्या पेशींना त्या कडक खपलीच्या खालून, ओल शोधत शोधत वाट काढावी लागते. ओलावा टिकला तर त्या सरळ वरून सरकत पलीकडे जातात. टॅटूचं आणखी एक आहे. जाड खपली धरली आणि ती चुकून ओढली गेली, तर तिच्याबरोबर शाईही निघून येते आणि फांदीचं एखादं पान कायमचं विरळ राहतं.

हे मी घरात समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. "डुकरं," सासूबाई म्हणाल्या. एवढंच. त्या एका शब्दात सबंध पाश्चात्य वैद्यकाचा निकाल लागला.

पण खरी परीक्षा पट्टीच्या पारदर्शकपणानंच घेतली. साधं बँडेज असतं तर आत काय चाललं आहे ते कुणाला दिसलं नसतं. इथं सगळं काचेतून. पहिल्या रात्री हातातून लस येत राहते. तीत थोडं रक्त आणि कातडीत न मावलेली शाई मिसळते. सकाळी उठले तेव्हा पट्टीखाली मनगटाच्या बाजूला चांगला दोन रुपयांच्या नाण्याएवढा फुगा जमला होता. काळा, पण उजेडात धरला की कडेनं तपकिरी-लाल. हात वर केला की तो फुगा कोपराकडे सरकायचा, जाताना फांदीची दोन पानं गिळायचा आणि मागं फुलं मोकळी करायचा. हात खाली केला की उलटा प्रवास. मी चहा होईपर्यंत ओट्यापाशी उभी राहून हात वर-खाली करत होते. आमचे हे पेपर बाजूला ठेवून बघत होते.

"अगं, रंग सगळा वाहून गेला की! पैसे परत माग."

"वाहून नाही गेला. तो जादाचा आहे."

"जादाचा कशाला घातला मग?"

याला उत्तर नव्हतं. त्यांनी मोबाइलची बॅटरी लावून कडा तपासल्या. एक निवृत्त अभियंता घरात असेल तर गळती कुठून होऊ शकते याची तपासणी दिवसातून अनेकदा फुकट होते. अर्थात त्यात तथ्य होतं. फुगा असणं हे बिघडल्याचं लक्षण नाही. पट्टीची कड सुटून तो बाहेर झिरपायला लागला तर मात्र बिघडलं. जिथून पाणी बाहेर येतं तिथून जंतू आत जातात. अशा वेळी वरून दुसरी चिकटवायची नाही, सुईनं टोचून फुगा रिकामा करायचा नाही. पट्टी काढायची, हात धुवायचा, कोरडा करायचा, नवी लावायची. साधारण दिवसभरानं पहिली बहुतेकदा बदलतात, कारण बरीचशी लस त्या पहिल्या चोवीस तासांत. दुसरी मग तीन-चार दिवस निवांत राहते. काहीजण पहिलीच ठेवून देतात. ज्यानं टॅटू काढला त्याचं ऐकावं आणि शेजारच्या काकूंचं ऐकू नये, हे बरं. आणि पट्टीच्या बरोबर आकाराची लाली उठली, चौकोन आखावा तशी, आणि खाज सुटली, तर शाईला दोष देऊ नये. ती गोंदाची ॲलर्जी. पट्टी उतरवायची आणि साध्या धुण्यापुसण्यावर यायचं. लाली पसरत चालली, हात गरम लागायला लागला, पू किंवा ताप आला, तर मात्र घरच्या कुठल्याच पक्षाचं न ऐकता डॉक्टर गाठायचे.

सासूबाईंच्या स्वतःच्या हातावर तुळशीवृंदावन आहे. चार ठिपके, एक चौकट, वर तीन फांद्या. साताऱ्याकडच्या त्यांच्या माहेरी गोंदणारीण दारावर यायची तेव्हाचं. दिव्याची काजळी, एकत्र बांधलेल्या सुया आणि मुलीचे हात धरायला दोन मावश्या. काजळी काळी असते, पण कातडीखालून हिरवी-निळी दिसते. आता ती रेघ फुटून पसरली आहे, तरी तुळस ओळखू येते. मी त्यांना विचारलं, नंतर काय लावलं? हळद लावली, त्या म्हणाल्या, हे विजयानं. आणि मग? मग काय, दुसऱ्या दिवशी भांगलायला गेलो. हात सुजला का? सुजला असेल. बघायला वेळ कुणाला होता? त्यांच्या धाकट्या बहिणीचा हात मात्र चांगला पिकला होता, तिला ताप चढला, हेही मग निघालं. तेव्हा हळदीच्या यशाची आकडेवारी ठेवताना बहिणीला का वगळतात, असं मी विचारणार होते. विचारलं नाही. एकाच घरात राहायचं आहे.

त्यांना एक गोष्ट मात्र पटली, ती म्हणजे गोंदण टिकतं कसं. मरताना बरोबर येतो तो हा एकच दागिना, असं त्या ऐकत आल्या आहेत. शास्त्राचं म्हणणंही फार वेगळं नाही, फक्त कमी गोड आहे. सुई शाई नेऊन ठेवते ती वरच्या पापुद्र्यात नाही, कारण तो झडत असतो. ती जाते एक-दोन मिलिमीटर खाली. तिथं शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज, धावून येतात आणि शाईचे कण गिळतात. पण त्यांना ते पचत नाहीत. मग त्या पोटात शाई घेऊन तिथंच बसून राहतात. फ्रान्समध्ये मार्सेच्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांच्या शेपट्यांवर हिरवे टॅटू काढून दाखवलं की ही पेशी मेली की शाई सांडते आणि शेजारची नवी पेशी तीच पुन्हा गिळते. बदली झालेल्या साहेबानं न निकालात काढलेली फाइल पुढच्याच्या टेबलावर जावी आणि त्यानंही ती तशीच दाबून ठेवावी, असा हा कारभार आहे. माझी प्राजक्ताची फांदी म्हणजे माझ्या शरीराचं प्रलंबित काम. "आमच्या तुळशीचंही असंच?" असं सासूबाईंनी विचारलं. असंच, म्हटलं. पेशींनी साठ वर्षं तुळस हातोहात पुढं दिली, हे ऐकून त्या खूष झाल्या. उंदरांबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही. डुकरांपेक्षा बरे, असं असेल.

पट्टी काढणं हा एक वेगळाच प्रकार आहे. आपला हात जातो तो टराटरा ओढायला. तिथंही शहाणपण उलटं. कोमट पाण्याखाली हात धरायचा, कड भिजू द्यायची आणि ती वर न उचलता कातडीलगत आडवी ताणायची. ताणली की गोंद आपण होऊन सुटतो. हातावरची बारीक लव मात्र सुटत नाही. तिथं प्रत्येक केस स्वतंत्र निरोप घेतो. स्टुडिओत सुया टोचून घेताना मी तोंडातून शब्द काढला नव्हता. मोरीत पट्टी काढताना इतकं ओरडले की हे बाहेरून "सावकाश, सावकाश" म्हणायला लागले, जणू दाराआडून त्यांचा काही उपयोग होणार होता.

आणि मग ती फांदी पहिल्यांदा उघड्यावर दिसली. म्हणजे दिसली असं म्हणायचं. तिच्यावर दुधाळ झाक होती आणि दोन दिवसांत तिची सालं निघायला लागली. बशीवर ठेवलं तर रांगोळीत खपेल असं रंगीत कातडं. ते आपण होऊन पडू द्यायचं. खाज सुटते ती विलक्षण. खाजवायचं नाही, तळव्यानं हलकं थापटायचं. रात्री दूरदर्शनसमोर बसून मी हात थापटत होते तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "डास फार झालेत का?"

आता मात्र घरच्यांच्या संयमाला फळ आलं, कारण या टप्प्यावर काहीतरी लावायचं असतं. वास नसलेलं साधं मलम किंवा लोशन, दिवसातून दोनदा, बोटाला लागलंय की नाही अशी शंका येईल इतकंच. हे कळताच घरातलं वातावरणच पालटलं. ह्यांनी केमिस्टकडून तीन प्रकारची लोशनं आणली आणि त्यांवरची अक्षरं भिंगातून वाचायला बसले. सासूबाईंनी लाकडी घाण्याचं खोबरेल तेल पुढं केलं. मी त्यांच्याकडून त्याचा एक थेंब लावून घेतला, टॅटू नसलेल्या दुसऱ्या हाताला, आणि त्यांनी तो इतक्या मायेनं चोळला की कोणत्या हाताला काय झालं आहे हे सांगायची वेळ निघून गेली.

बाकी किरकोळ. आमच्या सोसायटीत रक्तदान शिबिर होतं, तिथं मला परत पाठवलं. टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत. ही माहिती ह्यांना आधी असती तर त्यांनी तीही टॅटूच्या विरोधात वापरली असती. ऊन लागू नये म्हणून मी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज काढले आहेत, त्यामुळे फांदी अजून फारशी कुणी पाहिलेली नाही. वहिनी भेटल्या की "आता बरंय ना?" विचारतात. बरंय, म्हणते.

राहता राहिला तो पाकिटातला जादा तुकडा. आमच्याकडे काही टाकत नाहीत. तो आठवडाभर रबरबँड, जुन्या किल्ल्या आणि दुधाच्या पिशव्यांच्या खणात पडून होता. सासूबाईंनी लोणच्याच्या बरणीसाठी मागितला, पण ह्यांनी आधीच हेरून ठेवला होता. कोपरे गोल कापून, न ताणता, मधून कडेकडे अंगठा फिरवत त्यांनी तो टीव्हीच्या रिमोटवर बसवला. आवाजाचं बटण निखळत होतं. आता निखळत नाही आणि आवाजही कमी होत नाही.